ठोक्याचं किंवा श्वासाचं मशीन बनवायचंय? आधी ते बंद पाडून बघा

दरवर्षी जून-जुलैत लास्ट इयरची दोन-चार पोरं तरी मेसेज करतात, सर हार्टवर नाहीतर व्हेंटिलेटरवर प्रोजेक्ट करायचंय, सेन्सर कुठला घेऊ. सेन्सरचं नंतर बघू रे, आधी मला सांगा की रात्री तीन वाजता तुमचं मशीन बंद पडलं तर त्याला जोडलेल्या माणसाचं काय होणार. मी पुण्यात मेडिकल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, बारा-तेरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा सतत दाब देणारं मशीन) आणि तसल्या श्वासाच्या मशीनवर गेली, तर जे काय हाती लागलं ते एकदाच लिहून टाकतो म्हणजे पुढच्या जूनला हेच पाठवता येईल.

सुरुवात मी नेहमी अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या लाईट जाण्यापासून करतो. १९५७ चं साल, तिथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये वॉल्टन लिलेहाय नावाचे सर्जन लहान मुलांची हार्टची ऑपरेशन्स करायचे, आणि काही मुलांचे ठोके ऑपरेशननंतर मंदावायचे म्हणून त्यांना काही दिवस बाहेरून पेसमेकर लावायचे. पेसमेकर म्हणजे ट्रॉलीवर ठेवायचा मोठा डबा, तो भिंतीतल्या प्लगवर चालायचा, आणि मूल वायर पुरेल तेवढंच हिंडणार. ३१ ऑक्टोबरला गावातली वीज गेली ती काही तास आलीच नाही. मग लिलेहायनी त्यांची मशीनं रिपेअर करणाऱ्या अर्ल बॅकनला गाठलं आणि बॅटरीवर चालणारं काहीतरी कर म्हणून सांगितलं. बॅकनचं वर्कशॉप गॅरेजमध्ये, कंपनीचं नाव मेडट्रॉनिक, आणि आधी त्याच्या डोक्यात काय आलं असेल तर गाडीची बॅटरी आणि इन्व्हर्टर, म्हणजे आपण घरी टीव्हीसाठी करतो तेच. नंतर लक्षात आलं की एवढा भार कशाला, हार्टला एक छोटा पल्स पुरतो. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात दोन ट्रान्झिस्टरच्या मेट्रोनोमचं, म्हणजे गाण्याच्या तालासाठी टिक टिक करणाऱ्या यंत्राचं सर्किट आलं होतं, ते त्याने उचललं, स्पीकर काढला, आणि साधारण चार आठवड्यांत हातात मावेल असा डबा तयार. पुढच्या मॉडेलमध्ये नॉब आत खोल बसवले, कारण पोरं ते फिरवून बघायची! हे नॉबचं मला सगळ्यात आवडतं, कारण सर्किट मासिकातून मिळालं पण नॉब आत घ्यायचं वॉर्डात गेल्याशिवाय सुचलं नसतं.

म्हणून पहिलं काम वॉर्डात किंवा स्लीप लॅबमध्ये, म्हणजे जिथे पेशंटची झोप तपासतात तिथे, रात्र काढा. परवानगी काढून, रीतसर, आणि एक नाही तर चार-पाच रात्री. डॉक्टर राऊंडला येऊन जातात, मशीनबरोबर रात्रभर असतात त्या सिस्टर आणि टेक्निशियन, त्यांच्याशी बोला. प्रश्न पण 'तुम्हाला काय हवंय' असा नको, त्याला सगळे 'स्वस्त आणि मस्त' म्हणतात. 'काल रात्री कुठल्या मशीनने तुम्हाला उठवलं आणि मग तुम्ही काय केलंत' असं विचारा. एका हॉस्पिटलमध्ये सिस्टरनी सरळ सांगितलं की अलार्म सारखा बोंबलतो म्हणून आम्ही त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावतो. दाखवली पण, मायक्रोपोरची होती, कडा काळ्या झालेल्या म्हणजे बरेच दिवसांची. तुमचा अलार्म दर दहा मिनिटांनी विनाकारण वाजत असेल तर तो तुम्ही दिलेलाच नाही असं समजा. आणि असल्या गोष्टी कुठल्या पेपरात येत नाहीत, आजोबा रात्री कवळी काढून वाटीत ठेवतात, गाल आत जातात आणि संध्याकाळी नीट बसलेला मास्क शूं करून लीक व्हायला लागतो, किंवा तेल लावलेल्या केसांवरून पट्टा घसरतो, दाढीतून हवा जाते.

दुसरं काम, बिघाड नेमका काय आहे ते एका वाक्यात साध्या मराठीत लिहा. स्लीप ॲपनियात काय होतं? झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, घशाचा मऊ भाग मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा जास्तच अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालू. आता औषध वाक्यातच आहे, मिटणाऱ्या नळीला आतून हवेचा टेकू द्या. सिडनीत कॉलिन सलिव्हनने १९८० मध्ये हेच केलं, व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा ब्लोअर, पण ओढायच्या ऐवजी फुंकणारा, आणि नाकाच्या मापाचा साचा काढून बनवलेला मास्क, तोही सिलिकॉनने चिकटवलेला. ज्याच्यावर पहिल्यांदा लावलं त्या पेशंटला गळ्याला भोक पाडायचं ऑपरेशन सुचवलेलं होतं. १९८१ मध्ये पाच पेशंटचा रिपोर्ट छापून आला, प्रेशर लागलं साडेचार ते दहा सेंटिमीटर पाणी, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याच्या आतबाहेर! एवढ्याशा दाबाने काम होतं म्हणून तर हे मशीन घरी झोपायच्या खोलीत जाऊ शकलं.

आता टेबलावर बसा, आणि पहिल्या दिवशी खरेदी करायची ती गवंड्याची लेव्हलची नळी. तीच पारदर्शक, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. फळीवर यू आकारात बसवा, मागे पट्टी चिकटवा, अर्धी पाण्याने भरा, पाण्यात जिलेबीचा रंग टाका म्हणजे नीट दिसतं. एक टोक उघडं, दुसरं तुमच्या मशीनच्या नळीला, दोन बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे १० सेंटिमीटर पाण्याचा दाब. हिला बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे ही खोटं बोलत नाही.

आमचा एक किस्सा सांगतो. प्रोटोटाइपला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा गरम-दमट करणारा डबा, जोडला होता, डिसेंबरची रात्र, पेशंटच्या जागी रबराची टेस्ट लंग, म्हणजे खोटं फुप्फुस. गरम दमट हवा थंड नळीत गेली की पाणी सुटतं, ते माहीत होतं, पण त्यातला एक थेंब सेन्सरकडे जाणाऱ्या बारीक नळीत जाऊन अडकला. सेन्सर ९.६ वर गोठला. टार्गेट होतं १०. कंट्रोलरला वाटलं अजून थोडं कमी पडतंय, म्हणून त्याने ब्लोअर वाढवला, तरी ९.६, अजून वाढवला, तरी ९.६. स्क्रीन बघितली तर सगळं हिरवं, ग्राफ एकदम सरळ, आम्ही खूश होऊन चहा प्यायला गेलो. परत आलो तर टेबलावर लाल पाणी, त्या लेव्हलच्या नळीतून उसळून बाहेर, माझी वही भिजलेली. पेशंट असता तर? त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे की सेन्सर दोन, दोघांच्या नळ्या वेगळ्या, मोटरच्या स्पीडवरून अंदाजे दाब किती हवा ते तिसऱ्या बाजूने तपासायचं, आणि रीडिंग फारच स्थिर असेल तर त्यालाच फॉल्ट धरायचं. जिवंत माणूस श्वास घेतोय म्हटल्यावर रेषा थोडी तरी हलणारच ना.

तिसरं काम हेच, मोडायची यादी. वहीत तीन रकाने पाडा, काय बिघडेल, माणसाला काय होईल, मशीन स्वतःहून काय करेल. ह्यालाच स्टँडर्डच्या भाषेत रिस्क मॅनेजमेंट म्हणतात, आयएसओ १४९७१, घाबरायचं कारण नाही, वही तीच. उदाहरणार्थ वीज गेली. नाकातोंडावर फुल मास्क आहे, ब्लोअर थांबला, आता माणूस आपणच सोडलेली हवा परत घेतोय. मास्कला मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात, पण आतून दाब असेपर्यंतच ती नीट काम करतात, म्हणून फुल मास्कला एक झडप लागते जी दाब गेला की आपोआप बाहेरच्या हवेला उघडते. विजेशिवाय, सॉफ्टवेअरशिवाय, नुसती रबराची पाकळी. आणि वीज गेल्याचं सांगणारा बझर त्याच विजेवर ठेवू नका, हसू नका, मी दोन प्रोजेक्टमध्ये बघितलंय. कोविडच्या वर्षी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा) दाबणारे मोटरचे हात जिकडेतिकडे बनत होते, माझ्या पाहण्यातल्या बऱ्याचशांत नळी सुटली तरी हात आपला इमानेइतबारे बॅग दाबतोय, सांगणारं कोणी नाही.

मटेरियल पण यादीत घ्या. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सला त्यांची सीपॅप, बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) आणि काही व्हेंटिलेटर परत बोलवावे लागले, कारण आवाज कमी करायला आत लावलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत यायची शक्यता होती. सेन्सर नाही, मोटर नाही, फोम! हवेच्या वाटेत जे जे आहे, गोंदसुद्धा, ते माणूस रोज आठ तास हुंगणार असं धरून चाला.

ज्यांना हार्टचंच करायचंय त्यांच्यासाठी. हार्टला करंट द्यायच्या भानगडीत पहिल्याच प्रोजेक्टला पडू नका. थेट हार्टला लागणाऱ्या भागाला नॉर्मल स्थितीत गळती करंटची, म्हणजे मशीनमधून नकळत झिरपणाऱ्या विजेची मर्यादा आहे १० मायक्रोॲम्पिअर, इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमधला दिवा पेटायलासुद्धा याच्या कितीतरी पट लागतो. शिवाय पल्स देणं सोपं, कधी द्यायचा नाही हे अवघड. सुरुवातीचे पेसमेकर घड्याळासारखे ठोके द्यायचे, हार्ट स्वतः चालू असलं तरी, आणि चुकीच्या क्षणी पल्स पडला तर उलट जीवघेणी थरथर सुरू व्हायचा धोका. मग १९६४ मध्ये बरूह बर्कोविट्सचा डिमांड पेसमेकर आला, जो आधी ऐकतो आणि गरज असेल तरच बोलतो. तुम्ही पण ऐकण्यापासून सुरू करा, म्हणजे ईसीजी, आवाज, नाडी, शरीराच्या बाहेरून. आयआयटी बॉम्बेच्या बेटिक या मेडिकल डिव्हाइसच्या सेंटरमधून पुढे आलेलं आयुसिंक बघा, त्यांनी डॉक्टरांचा स्टेथोस्कोप बदलला नाही, त्यालाच जोडायचं छोटं डिव्हाइस केलं, डॉक्टरांची सवय तशीच राहिली. हुशारी यालाच म्हणायची.

शरीरात बसवायचा पेसमेकर बनवणाऱ्या अमेरिकन इंजिनिअर विल्सन ग्रेटबॅचचा किस्सा सगळे नशीब म्हणून सांगतात, की हार्टचे आवाज रेकॉर्ड करायच्या सर्किटमध्ये चुकून भलताच रेझिस्टर लावला आणि सर्किट ठोक्यासारखं धडधडायला लागलं. बरोबर आहे, पण हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा विजेचा सिग्नल वाटेत अडणं, काय असतं हे त्याने काही वर्षं आधीच दोन सर्जनकडून जेवताना ऐकून डोक्यात ठेवलं होतं, नाहीतर आपण काय करतो, चुकीचा रेझिस्टर काढतो आणि बरोबरचा लावतो. आणि शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर, स्टॉकहोमला ८ ऑक्टोबर १९५८, आर्ने लार्सन नावाच्या पेशंटला, तो काही तासांत बंद पडला. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन, आणि तोवर एकूण २६ पेसमेकर बदलून झाले होते.

आता जिथे भलेभले फसतात ते. यश कशावरून मोजणार? हार्ट फेल्युअरच्या पेशंटना एक वेगळा ॲपनिया होतो, घसा उघडा असतो पण मेंदूकडून श्वासाची ऑर्डरच येत नाही. त्यांच्यासाठी श्वासागणिक दाब बदलणारं हुशार मशीन होतं, त्याची मोठी ट्रायल झाली, सर्व्ह-एचएफ, १३२५ पेशंट, २०१५ मध्ये निकाल. मशीन लावल्यावर श्वास अडायचं प्रमाण तासाला एकतीसच्या आसपासवरून साडेसहापर्यंत आलं, म्हणजे मशीनने काम चोख केलं, आणि हार्टमुळे होणारे मृत्यू मात्र मशीनवाल्या गटात जास्त निघाले. औषधांत हेच १९८९ मध्ये झालं होतं, कास्ट ट्रायल, गोळ्यांनी जादाचे ठोके दाबले आणि माणसं जास्त गेली. त्यामुळे 'आमचं डिव्हाइस ॲपनिया ८० टक्के कमी करतं' असं स्लाइडवर टाकताना खाली लिहा की पेशंटला त्याने काय मिळालं, आणि माहीत नसेल तर कार्डिओलॉजिस्टला टीममध्ये घ्या, सल्लागार म्हणून फोटोपुरतं नको.

कागदपत्रं थोडक्यात. पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे प्राथमिक अर्ज आधी, कॉलेजचं एक्झिबिशन आणि रील नंतर, कारण आधी जगाला दाखवलंत तर नावीन्य गेलं. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला १२ महिने. उपचाराच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही, डिव्हाइसला आहे, मग वाक्यं तशी लिहा. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ मध्ये ए ते डी असे चार वर्ग आहेत, व्हेंटिलेटर सी, शरीरात बसवायचा पेसमेकर डी. ए आणि बी चं उत्पादन लायसन्स राज्याच्या एफडीएकडून (औषध प्रशासन), सी आणि डी चं दिल्लीच्या सीडीएससीओकडून, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून. नुसते टेस्टिंगला नग बनवायचे असले तरी परवानगी लागते, अर्ज एमडी-१२, मिळतं ते एमडी-१३. माणसांवर जायच्या आधी एथिक्स कमिटी. आणि प्लीज, 'बाबांना घोरण्याचा त्रास आहे, त्यांच्यावर ट्राय केलं' असले व्हिडिओ मला पाठवू नका, दोनदा आलेत, दोन्ही वेळा मी फोन करून आधी प्लग काढायला लावलाय.

प्रोजेक्ट दाखवायला आलात तर सर्किट मागे ठेवा, वही आधी आणा. आमच्या वहीत त्या लाल पाण्याची नोंद ४१ नंबरला आहे, पान अजून गुलाबी आहे, आणि मशीन पहिल्यांदा बाहेर टेस्टिंगला गेलं तेव्हा यादी १३८ वर होती. तुमची १५ वर थांबली असेल तर घरी जाऊन अजून एक रात्र नळ्या ओढून बघा.