वेव्हज, स्पेक्ट्रम आणि रेडिएशनचा पेपर: काय काय पक्कं करून जायचं

तीनही धडे एकाच पेपरला असतील तर ही यादी समोर ठेवूनच बसा. मागच्या वेळी माझं सगळं झालं होतं, फक्त बॅकग्राउंड काउंट (सोर्स नसतानाही मोजणी यंत्रावर येणारा आकडा) वजा करायचं राहिलं आणि अर्धायुष्याचं (किरणोत्सारी नमुना निम्मा व्हायला लागणारा वेळ) अख्खं गणित गेलं, त्यामुळे ते खाली परत परत येणारे, कंटाळा आला तरी वगळू नका.

वेव्हजच्या व्याख्या येतच असतील, पुढे चला. फक्त आलेख नीट बघा. आडव्या अक्षावर अंतर असेल तर दोन शिखरांमधली ती तरंगलांबी, वेळ असेल तर तो आवर्तकाल, आणि दोन्ही आकृत्या दिसायला डिट्टो सारख्या, म्हणून आकृतीच्या आधी अक्षावरचं लेबल वाचायचं. आयाम मधल्या रेषेपासून मोजायचा, वरच्या टोकापासून थेट खालच्या टोकापर्यंत मोजला की उत्तर दुप्पट येतं. प्रकाश हवेतून काचेत गेला की वेग कमी होतो, तरंगलांबी कमी होते, वारंवारता तीच राहते कारण ती सोर्सने ठरवलेली असते. आवाज खालच्या विद्युतचुंबकीय स्पेक्ट्रममध्ये कुठेच नाही, त्याला माध्यम लागतं, तरी लोक रेडिओ वेव्ह म्हणजे आवाजच समजून लिहून येतात.

स्पेक्ट्रमचा क्रम रेडिओ, मायक्रोवेव्ह, इन्फ्रारेड, दृश्य प्रकाश, अल्ट्राव्हायोलेट, एक्स-रे, गॅमा. हा उलटाही म्हणता आला पाहिजे, कारण प्रश्नात कधी वाढती वारंवारता विचारतात कधी वाढती तरंगलांबी, तो शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. निर्वात जागेत सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला 3 लाख किलोमीटर, म्हणजे 3 × 10⁸ मीटर. गणितं सोपी असतात पण एककं मारतात: 100 मेगाहर्ट्झच्या रेडिओ वेव्हची तरंगलांबी 3 मीटर, 500 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाची वारंवारता 6 × 10¹⁴ हर्ट्झ, ही दोन स्वतः करून बघा, नॅनो आणि मेगाचे घात न बघता जमले की पुढे जा. धोके आणि उपयोग घोकू नका, वारंवारता वाढली की ऊर्जा वाढते एवढं धरलं की अल्ट्राव्हायोलेटच्या वरच्या टोकापासून पुढचे किरण अणूतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि पेशींना इजा करतात हे आपोआप सुचतं. आणि इन्फ्रारेडचा शोध मला फार आवडतो, 1800 साली हर्शेलने प्रिझमच्या लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा लालपेक्षाही वर गेला. परीक्षेत येवो न येवो, वाचून ठेवा.

आता रेडिएशन, म्हणजे अस्थिर केंद्रकातून बाहेर पडणारे अल्फा, बीटा, गॅमा. अल्फा कागदाने अडतो, बीटा काही मिलिमीटर ॲल्युमिनियमने, गॅमा जाड शिशानेही फक्त कमी होतो, पूर्ण थांबत नाही, 'थांबतो' लिहू नका. बीटा कण केंद्रकातूनच येतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो म्हणून अणुक्रमांक एकने वाढतो: कार्बन-14 चा नायट्रोजन-14. अल्फामध्ये युरेनियम-238 चं थोरियम-234, क्रमांक 92 वरून 90. दोन्ही बाजूंच्या वस्तुमानांकांच्या आणि अणुक्रमांकांच्या बेरजा जुळवल्याशिवाय समीकरण सोडायचं नाही.

आणि आता ते. बॅकग्राउंड. सोर्स ठेवलेला नसला तरी काउंटर (किरण मोजणारं यंत्र) टिकटिकतोच, कारण खडकांतून येणारा रेडॉन वायू, माती, अवकाशातून येणारे किरण. समजा बॅकग्राउंड मिनिटाला 20 आहे आणि दर 10 मिनिटांनी घेतलेली रीडिंग्ज 340, 180, 100, 60 अशी आहेत. आधी प्रत्येकातून 20 काढा: 320, 160, 80, 40. लगेच दिसतं, अर्धायुष्य 10 मिनिटं. न काढता कच्च्या आकड्यांचाच आलेख काढून 340 चं निम्मं 170 शोधलंत तर जवळपास 11 मिनिटं येतात, आणि तिथून 85 पर्यंत पोचायला 12. अर्धायुष्य असं वाढत जाऊच शकत नाही, तसं दिसलं की समजायचं वजाबाकी राहिली. आलेख काढायचा असेल तर आधी वजा करा आणि मग बिंदू मांडा, वक्र काढून झाल्यावर नाही. बॅकग्राउंडचा आकडा तक्त्यात नसतो, वर प्रश्नाच्या एखाद्या वाक्यात दडलेला असतो, म्हणून काउंट रेटचा तक्ता दिसला रे दिसला की हात थांबवून तो शोधा. फक्त 'करेक्टेड' (बॅकग्राउंड आधीच वजा केलेला) काउंट रेट दिलाय असं म्हटलं असेल, किंवा नमुन्याचं वस्तुमान दिलं असेल, तर काही काढायचं नाही, दोनदा वजा केलं तरी गणित तितकंच चुकतं.

कंटॅमिनेशन म्हणजे किरणोत्सारी पदार्थ अंगावर किंवा अंगात जाणं, इरॅडिएशन म्हणजे नुसते किरण लागणं, त्याने वस्तू स्वतः किरणोत्सारी होत नाही (न्यूट्रॉनचा मारा वेगळा). स्कॅनला टेक्निशियम-99एम का? गॅमा शरीराबाहेर येतो, अर्धायुष्य सुमारे 6 तास. स्मोक डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-241, अल्फा.

आदल्या रात्री नवीन काही नको, तक्त्याचं एक गणित, बॅकग्राउंड वजा करून, आणि झोपा. पट्टी, टोकदार पेन्सिल. कॅल्क्युलेटरवर 3 × 10⁸ टाकताना 3, मग ईएक्सपी, मग 8, मध्ये परत 10 दाबलंत तर उत्तर दहापट होतं.