पर्मनंट फोर्ड म्हणजे कुठली गाडी? स्पॅनिश रस्ते इंग्रजीत नेताना या चुका टाळा

स्पेनमधल्या शहरांत गॅरेजच्या दारावर हमखास एक पाटी असते: ‘बादो पेर्मानेन्ते’. शब्दकोश उघडला तर ‘बादो’ म्हणजे नदी चालत ओलांडता येईल अशी उथळ जागा, आपल्याकडचा उतार. मग भाषांतर होतं ‘पर्मनंट फोर्ड’, आणि वाचणाऱ्याला वाटतं इथे फोर्डच्या गाड्या विकत असावेत. पाटीचं म्हणणं साधं आहे: इथून गाड्यांची ये-जा असते, चोवीस तासांत कधीही दारासमोर गाडी लावू नका. गंमत अशी की मेक्सिकोच्या हायवेवर हाच शब्द दिसला तर कोश जवळपास बरोबर ठरतो. तिथे ‘बादो’ म्हणजे रस्त्याचा खोलगट भाग, जिथून पावसाचं पाणी आडवं वाहून जातं. आपल्याकडे ओढ्यावर फरशी असते ना, तिची आठवण करा.

मी स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतरं करतो आणि त्यात रस्त्यांचे कागद बरेच येतात. हे काम आता आपल्यापासून फार लांबचंही राहिलेलं नाही. स्पेनच्या फेरोव्हियाल समूहातल्या सिंत्रा कंपनीने २०२१ मध्ये मुंबईच्या आयआरबी इन्फ्रा या रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. या कागदांत शब्द कठीण नसतात. उलट ते ओळखीचे वाटतात, आणि फसगत तिथेच होते.

कागद कुठल्या देशाचा, हे न विचारणं

रस्त्याच्या कडेची साइडपट्टी घ्या. स्पेनमध्ये ती ‘आर्सेन’, मेक्सिकोत ‘आकोतामिएन्तो’, अर्जेंटिनात ‘बान्कीना’, चिली-पेरूत ‘बेर्मा’, व्हेनेझुएलात ‘ओम्ब्रियो’. इंग्रजीत सगळ्यांचं ‘शोल्डर’ करता येतं, म्हणून यात धोका कमी.

धोका एकाच शब्दाच्या अनेक अर्थांत आहे. ‘आन्देन’ हा स्पेनमध्ये रेल्वेचा फलाट, कोलंबियात फुटपाथ. ‘बान्केता’ स्पेनमध्ये बसायचं छोटं स्टूल, मेक्सिकोत तोच फुटपाथ. ‘बेरेदा’ची तर कमालच आहे. स्पेनमध्ये ती मेंढरांचे कळप हंगामी चराईसाठी नेण्याची सरकारी वाट. तिथल्या १९९५ च्या कायद्यात अशा वाटांच्या रुंदीप्रमाणे पायऱ्या आहेत: कान्यादा ७५ मीटरपर्यंत, कोर्देल साडेसदतीस मीटरपर्यंत आणि बेरेदा २० मीटरपर्यंत. अर्जेंटिनात बेरेदा म्हणजे घरासमोरचा फुटपाथ आणि कोलंबियात वाडी-वस्तीसारखा ग्रामीण विभाग. ‘ही बेरेदा दुरुस्त करा’ या वाक्याचं भाषांतर देश कळल्याशिवाय करताच येत नाही.

कागदावर देशाचं नाव नसेल तर आतल्या खुणा शोधा. थांबण्याची पाटी ‘आल्तो’ म्हणत असेल तर मेक्सिको किंवा मध्य अमेरिका, ‘पारे’ म्हणत असेल तर बहुतेक दक्षिण अमेरिका. स्पेनमध्ये चक्क इंग्रजी ‘स्टॉप’ लिहितात.

इंग्रजी कुठली, हेही न विचारणं

‘पाविमेन्तो देस्लिसान्ते’ याचं कुणी ‘स्लिपरी पेव्हमेंट’ केलं तर अमेरिकन माणूस गाडी हळू घेईल आणि इंग्लंडमधला माणूस पायी चालणाऱ्यांची काळजी करेल, कारण त्याच्या भाषेत पेव्हमेंट म्हणजे फुटपाथ. आपल्याकडचा इंजिनिअर तिसराच. तो फुटपाथला फुटपाथच म्हणतो आणि डांबरी थरांच्या आखणीला बिनदिक्कत ‘पेव्हमेंट डिझाइन’. म्हणून ग्राहकाला पहिल्याच मेलमध्ये विचारून टाका: वाचणारा लंडनचा, टेक्ससचा की नागपूरचा?

प्रत्येक आउतोपिस्ताला टोल लावणं

जुन्या शिकवणीत आम्हाला सांगितलं जायचं की आउतोपिस्ता म्हणजे टोलचा रस्ता आणि आउतोबिया म्हणजे फुकटचा. स्पेनपुरतं ते बरंचसं खरं होतं. आता ते धरून चालू नका. एपी-७ या भूमध्य किनाऱ्यालगतच्या मार्गावर कातालोनियात २०२१ च्या ऑगस्टअखेर टोल उठला, पण नावातलं ‘एपी’, म्हणजे ‘आउतोपिस्ता दे पेआहे’, टोलची आउतोपिस्ता, तसंच राहिलं. मूळ मजकुरात ‘दे पेआहे’ असेल तरच इंग्रजीत टोल लिहा, मनाने घालू नका.

आउतोबियाचं काय करायचं यावर भाषांतरकारांत वाद आहेत. स्पेनमधल्या पहिल्या काही आउतोबिया १९८० च्या दशकात जुन्या राष्ट्रीय रस्त्यांनाच दुसरी बाजू जोडून केल्या, म्हणून त्यांची वळणं काही ठिकाणी अवघड आहेत. वेगमर्यादा मात्र आउतोपिस्ताइतकीच, ताशी १२० किलोमीटर. प्रवासाच्या लेखात मी दोन्हींना ‘मोटरवे’ म्हणतो. कायद्याच्या किंवा निविदेच्या कागदात स्पॅनिश शब्द तसाच ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा करतो. अर्जेंटिनातली आउतोबिया वेगळी असते. तिथे मधे दुभाजक असला तरी रस्ते आडवे येऊन मिळतात. तिला मोटरवे म्हणणं ही सरळ चूक, ‘ड्युअल कॅरेजवे’ किंवा ‘डिव्हायडेड हायवे’ बरोबर.

मेक्सिकोत जोडी आणखी वेगळी आहे: ‘लिब्रे’ आणि ‘क्वोता’. लिब्रे म्हणजे फुकटचा रस्ता, क्वोता म्हणजे टोलचा. ‘कोटा हायवे’ असं भाषांतर मी छापील नकाशावर पाहिलं आहे.

निविदेतला ‘सिंचन विभाग’

माझी स्वतःची सगळ्यात मोठी फजिती इथली. रस्त्याच्या कामाच्या यादीत ‘रिएगो दे आदेरेन्सिया’ आलं. रिएगो म्हणजे पाणी देणं, सिंचन. मी ‘इरिगेशन’ लिहिलं आणि दुभाजकातल्या झाडांची कल्पना करून पुढे गेलो. तपासणाऱ्या इंजिनिअरने नुसता एक प्रश्न विचारला: झाडांना इमल्शन घालतात का? तो होता टॅक कोट, डांबराच्या दोन थरांमधला चिकटवणारा फवारा, आणि इमल्शन म्हणजे त्यासाठी पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर. त्याचा भाऊ ‘रिएगो दे इम्प्रिमासिओन’ म्हणजे खडीच्या थरावर मारायचा प्राइम कोट. त्या दिवसापासून शब्द पटला नाही की मी शेजारचा रकाना वाचतो. परिमाण आणि माल तिथे लिहिलेला असतो, आणि तो खोटं बोलत नाही.

याच यादीतली बाकी भुतं. ‘फिर्मे एन माल एस्तादो’ म्हणजे डबघाईला आलेली कंपनी नव्हे. फिर्मे म्हणजे रस्त्याचे सगळे थर मिळून झालेलं अंग, ते खराब आहे. ‘बेतून’ हे बिटुमेन, जरी त्याच शब्दाने बुटांचं पॉलिशही मिळत असलं तरी. ‘बोम्बेओ २%’ मध्ये पंप कुठेच नाही. पाणी निथळावं म्हणून सरळ रस्त्याला दिलेला आडवा ढाळ तो, आपले इंजिनिअर ज्याला कॅम्बर म्हणतात. वळणावरचा एकतर्फी कल वेगळा, तो ‘पेराल्ते’, इंग्रजीत सुपरएलिव्हेशन. ‘ओब्रा दे फाब्रिका’मध्ये कारखाना नाही. फाब्रिका इथे दगड-विटांच्या बांधकामाच्या जुन्या अर्थाने येते. नकाशात बघा: मोरी असेल तर कल्व्हर्ट, भिंत असेल तर रिटेनिंग वॉल, सगळं एकत्र असेल तर नुसतं ‘स्ट्रक्चर्स’.

सर्वांत महाग पडणारा शब्द माझ्या मते ‘देस्मोन्ते’. स्पेनच्या कागदात तो डोंगर कापून केलेला खोदरस्ता, इंग्रजीत कटिंग. मेक्सिकोच्या कागदात देस्मोन्ते म्हणजे काम सुरू करण्याआधीची झाडंझुडपं काढणं. एकीकडे पोकलेन आणि सुरुंग, दुसरीकडे कुऱ्हाड आणि करवत. दर चुकला तर भाषांतरकाराला फोन येणारच.

‘त्राबेसिया’ म्हणजे समुद्रसफर नव्हे, हायवेचा गावातून जाणारा तुकडा. ‘बारियान्ते’ म्हणजे गावाबाहेरून काढलेला बाह्यवळण रस्ता, बायपास. हे दोन शब्द नेहमी एकाच बातमीत भेटतात, कारण पहिल्याला कंटाळलेलं गाव दुसरा मागत असतं. ‘काम्बियो दे सेन्तीदो’ची पाटी अर्थ बदलायला सांगत नाही, यू-टर्न कुठे घ्यायचा ते सांगते.

खड्डा की उंचवटा?

स्पेनच्या अधिकृत चिन्हांत ‘रेसाल्तो’ म्हणजे उंचवटा आणि ‘बादेन’ म्हणजे खोलगट जागा. पण बोलताना स्पॅनिश लोक गतिरोधकालाही सर्रास बादेन म्हणतात. म्हणजे एकच शब्द, दोन उलटे अर्थ. सरकारी कागद असेल तर ‘डिप’, वर्तमानपत्रातली नागरिकांची तक्रार असेल तर बहुधा ‘स्पीड हंप’. सोबत फोटो असेल तर तोच उघडा.

लॅटिन अमेरिकेने या गतिरोधकावर भाषेची चैन केली आहे: मेक्सिकोत ‘तोपे’, अर्जेंटिनात गाढवाची पाठ, चिलीत बैलाची पाठ, पेरूत स्प्रिंगमोड्या, कोलंबियात आडवा झालेला पोलीस. हे शब्दशः इंग्रजीत नेऊ नका. अपवाद कोलंबियाचा, कारण ब्रिटिश इंग्रजीतही ‘स्लीपिंग पोलिसमन’ म्हणतातच. हलक्याफुलक्या लेखात तो चालतो, निविदेत नाही.

आकडे

वाहनसंख्या ‘१२.५००’ अशी दिसली तर ती साडेबारा नाही, साडेबारा हजार आहे. स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी. मेक्सिकोत मात्र आपल्यासारखंच. खर्चात ‘बियोन’ आला तर थांबा: तो इंग्रजी बिलियन नव्हे, लाख कोटी. इंग्रजी बिलियनला स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात, आपले शंभर कोटी.

‘पी. के. १२+३००’ म्हणजे सुरुवातीपासून १२ किलोमीटर ३०० मीटर. भारतीय किंवा ब्रिटिश वाचकासाठी ‘चेनेज’ लिहा. अमेरिकन ‘स्टेशन’ घाईने लिहू नका, कारण त्यांचं स्टेशन सहसा शंभर फुटांचं असतं आणि तुमचा पूल भलत्याच गावात जाऊन पडेल.

आणि घाटात कठड्याऐवजी लावलेली लोखंडी पट्टी. निविदेत ती ‘बार्रेरा दे सेगुरिदाद’, पण ड्रायव्हर म्हणतात ‘कितामिएदोस’, भीती घालवणारा. इंग्रजीत ‘क्रॅश बॅरियर’ लिहिताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं, तरी तेच लिहितो.