वाऱ्यात मेपलच्या बादल्या पडतात? या चुका टाळा

रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी चार-पाच अंश वर, असं हवामान सुरू झालं की ऑन्टारिओ, क्युबेक, व्हरमाँटकडे मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. तो आटवून मेपलचा पाक (सिरप) करतात. रस गोळा करायला खोडात छिद्र पाडून तोटी बसवायची आणि तोटीच्या हुकाला बादली अडकवायची. नेमका हाच काळ सोसाट्याच्या वाऱ्याचाही. टोरोंटो किंवा बॉस्टनकडे राहत असाल, परसात शुगर मेपल असेल आणि दोन-तीन बादल्या लावल्या असतील, तर सकाळी एखादी बर्फात उपडी पडलेली दिसणार हे धरूनच चाला. पण सांडलेला रस हे त्यातलं किरकोळ नुकसान आहे. बादली रात्रभर हेलकावे खाते तेव्हा ती तोटीला तरफेसारखी हलवत असते. छिद्र सैल झालं की रस तोटीबाहेरून सालीवर ओघळतो, आत हवा आणि जंतू शिरतात आणि ते छिद्र हंगाम संपायच्या आत आटतं. म्हणून सांभाळायचं ते छिद्र. बादली काय, दुसरी आणता येते.

तोटी हाणून बसवणं

सैल वाटली की हातोडा उचलायचा, ही सर्वात महागात पडणारी चूक. तोटी पाचरीसारखी निमुळती असते. जास्त ठोकली की लाकूड उभं चिरतं आणि चिरेतून गळती कायमची सुरू होते. गोठलेल्या लाकडात हे हमखास होतं, त्यामुळे छिद्र पाडणं आणि तोटी बसवणं पारा शून्याच्या वर असतानाच करा. छिद्र तोटीच्या मापाचंच हवं (८ किंवा ११ मिलिमीटर), चार-पाच सेंटिमीटर खोल, आतून बाहेर किंचित उतरतं. हलके टोले द्या आणि कान द्या: पोकळ आवाज जाऊन भरीव आवाज आला की थांबा. ड्रिल करताना हात हलला तर छिद्र लंबगोल होतं, मग कितीही ठोका, ते गळणारच.

बादली फक्त हुकावर सोडणं

कोकणात माडी काढायला माडाच्या पोईला (फुलोऱ्याला) मडकं बांधतात. इथे बादली नुसती अडकवतात. शांत हवेत ते चालतं. रिकामी अ‍ॅल्युमिनियमची बादली मात्र एका झोतात हुकावरून उचलली जाते. उपाय साधा: दोन्ही टोकांना हूक असलेली रबरी दोरी खोडाभोवती फिरवून बादलीच्या मध्यावरून घ्या. दोरीने बादली खोडाला टेकून राहिली पाहिजे, एवढंच. काही जण दोरी तोटीलाच गुंडाळतात. तसं केलं तर सगळा ताण पुन्हा छिद्रावरच येतो. कचकून आवळूही नका, बादली तिरकी होऊन तोटी वर रेटली जाते. तार वापरू नका, ती सालीत रुतते. आणि खिळा तर अजिबात ठोकू नका: झाडाला आणखी एक जखम होते आणि पुढे कधी झाड कापताना करवतीचं पातं त्यावर जातं. हंगाम संपला की दोरी काढायला विसरू नका.

झाकण गृहीत धरणं

झाकण उडालं की पावसाचं पाणी आत जातं. मेपलच्या रसात साखर साधारण दोनच टक्के. एक लिटर पाकाला चाळीसेक लिटर रस आटवावा लागतो. त्यात पाणी मिसळलं म्हणजे सरपण आणि वेळ, दोन्ही वाया. झाकणाची तार नीट ओवली आहे ना, हे हाताने हलवून पाहा. झाकण सैल असेल तर कागदांना लावायची मोठी क्लिप लावली तरी भागतं.

ओल कुठली आहे ते न पाहणं

सालीवर ओला ओघळ दिसला म्हणजे गळतीच, असं नाही. ओल थेट तोटीच्या मुळापासून सुरू होत असेल तर छिद्र गळतंय; हलका टोला देऊन बघा, नाही थांबलं तर तसंच राहू द्या, उपसून पुन्हा बसवू नका. तोटीचं मूळ कोरडं आणि ओल खालीच असेल, तर वाऱ्याने थेंब बादलीबाहेर उडताहेत. बादली तोटीच्या अगदी खाली, खोडाला चिकटून आणा.

जमिनीवरची बादली बर्फावर ठेवणं

नळी लावून रस जमिनीवरच्या बादलीत सोडला तर वाऱ्याची निम्मी कटकट मिटते. मला विचाराल तर उघड्या माळावरच्या झाडांना हीच पद्धत बरी. फक्त बादली बर्फावर टेकवू नका. उन्हाने खोड तापतं, बुंध्याभोवतीचा बर्फ आधी वितळतो आणि बादली तिकडेच कलंडते. खाली फळी किंवा फरशी घाला, झाकणावर दगड ठेवा. नळी थोडी ढिली असू द्या. ताठ ओढलेली नळी प्रत्येक झोताला तोटीला हिसका देते. बादली खाद्यपदार्थांसाठीचीच हवी, आणि जुन्या बाजारातल्या डाग दिलेल्या (सोल्डरने सांधलेल्या) पत्र्याच्या बादल्या शोभेलाच ठेवा, त्यांच्या डागात शिसं असू शकतं.

वादळातही बादल्या लटकवून ठेवणं

रात्रंदिवस गोठवणारी थंडी आणि जोराचा वारा असा अंदाज असेल तर रस वाहणारच नाही. मग बादल्या लटकवायच्या कशाला? असलेला रस ओतून घ्या, बादल्या घरात आणा, तोट्या तशाच राहू द्या. काठोकाठ भरलेली बादली गोठली तर बूड फुगतं. अर्धवट भरलेलीत बर्फाची लादी आपटत राहते. वारा सुटल्यावर मात्र बादली वाचवायला झाडाखाली जाऊ नका. मेपलच्या वाळक्या फांद्या याच दिवसांत मोडून पडतात.