‘सूड’ हा शब्द लिहिण्यापूर्वी: गुन्हेवार्तांकनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एफआयआर, पंचनामा, रिमांड हे शब्द तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. मला एकाच शब्दाविषयी सांगायचे आहे, ‘सूड’. कारण त्याच शब्दाने माझा घात केला आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

मुंबईतील टोळीयुद्धाचा इतिहास पाठ करायला बसले की तो सुडाच्या साखळीसारखाच दिसतो. १२ फेब्रुवारी १९८१ रोजी प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला गेला. त्यात ज्यांची नावे आली, त्यांपैकी मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात, तर पठाण टोळीतील अमीरजादा १९८३ मध्ये भर सत्र न्यायालयात मारला गेला, आणि अमीरजादाच्या खुनामागे ज्याचे नाव घेतले गेले तो बडा राजनही त्याच वर्षी न्यायालयाबाहेर गोळ्यांना बळी पडला. पुढे २६ जुलै १९९२ रोजी नागपाड्यात दाऊदचा मेहुणा इस्माईल पारकर मारला गेला आणि १२ सप्टेंबर रोजी जे. जे. रुग्णालयात त्या खुनातला आरोपी शैलेश हळदणकर, पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांसह. मात्र मन्याला कोणत्याही टोळीने नव्हे, पोलिसांनी मारले होते. तरीही आपण त्याचे नाव त्याच साखळीत ओवतो, आणि घसरण तिथूनच सुरू होते.

माझ्याकडेही वहीत असाच तक्ता होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चाळीच्या जिन्यात एका तरुणाचा खून झाला. संध्याकाळी एका अधिकाऱ्याने ‘मागच्या खुनाचा बदला दिसतो’ एवढेच म्हटले आणि मी तक्त्यातली रिकामी जागा भरून टाकली. आरोपपत्र आले तेव्हा भांडण खोलीच्या वाटणीवरून झाल्याचे निघाले. त्या तरुणाची बहीण प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कात्रण घेऊन कार्यालयात आली आणि तिने विचारले, “माझ्या भावाच्या नावापुढे टोळी कोणी लावली?” कात्रण घडीवर फाटत आले होते. मला उत्तर देता आले नाही.

हे नीट समजून घ्या. पहिल्या संध्याकाळी पोलिसांच्या हाती बहुधा मृताची जुनी नोंद आणि खबऱ्याचे बोलणे एवढेच असते. रिमांड अर्जात लिहिलेले कारण कोठडी मिळवण्यासाठी असते. ते तपासात बदलू शकते, आणि आरोपपत्रातले कारणसुद्धा न्यायालयात सिद्ध व्हावे लागते. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक (शहरात उपायुक्त) किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली अटींसह ग्राह्य धरता येते. शिवाय ‘सूड’ हा शब्द सर्वांनाच सोयीचा असतो: टोळीची दहशत वाढते आणि खंडणीचा फोन सोपा होतो, तपासाला दिशा मिळाल्यासारखे वाटते, आपल्याला मथळा मिळतो. खंडणी आणि इलाक्याचा हिशेब मात्र त्या शब्दाआड झाकला जातो.

पत्रकार ज्योतिर्मय डे यांचा ११ जून २०११ रोजी पवईत खून झाला. त्या प्रकरणात एका महिला पत्रकारावर व्यावसायिक वैरातून टोळीप्रमुख छोटा राजनला डे यांची माहिती पुरवल्याचा आरोप ठेवला गेला. २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली आणि तिला निर्दोष सोडले. निकाल येईपर्यंतची साडेसहा वर्षे तिला कोण परत देणार?

अधिकाऱ्यांशी असलेली मैत्री हेच भांडवल मानणारा ज्येष्ठ सहकारी गुरू म्हणून निवडू नका, हे माझे ठाम मत आहे. न्यायालयातला जुना कारकून तुम्हाला अधिक शिकवील. व्हॉट्सॲपवर आलेला तयार मजकूर तर उचलूच नका. बातमी एक दिवस मागे पडली तर नोकरी जात नाही. माझी गेली नाही. सुरुवातीला सगळ्यांचेच हात थरथरतात, त्याची लाज बाळगू नका.

आता मी पहिल्या दिवशी ‘कारण स्पष्ट झालेले नाही’ असे लिहितो, मृताच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय त्याच्या नावाला टोळी जोडत नाही आणि खटल्याच्या प्रत्येक तारखेची नोंद ठेवतो. त्या तरुणाच्या खटल्याचा निकाल लागला त्या दिवशी मी न्यायालयात होतो. बातमी चार ओळींची आली, आतल्या पानावर. पण तिच्यात टोळीचा उल्लेख नव्हता. या नव्या बातमीचे कात्रण मी त्या बहिणीला नेऊन दिले.