मागचा विंग लावताना आधी डिकीखालची पट्टी

गाडीच्या डिकीवर विंग, म्हणजे हवेच्या जोराने मागची चाकं जमिनीवर दाबणारा आडवा पंख, लावायचं म्हटलं की सगळे आधी त्याच्या कोनाबद्दल विचारतात. आधी डिकीच्या आतून ॲल्युमिनियमची जाड पट्टी घाला. नुसत्या पातळ पत्र्यावर बोल्ट कसले, तर वेगात पत्राच वाकतो. १९६९च्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच विंग मोडले होते, आणि ते तर कारखान्याचे! ड्रिल केलेल्या भोकांच्या कडांना रंग आणि सीलंट लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज.

कोन मोजताना गाडी सपाट जमिनीवर हवी, टायरची हवा ठरल्याप्रमाणे, डिजिटल अँगल गेज विंगवर. सुरुवात कमी कोनाने करा आणि एका वेळी एकच अंश वाढवा. वेग दुप्पट झाला की विंगचा खाली पडणारा दाब चौपट होतो, म्हणून हळू वळणावर फरक शोधत बसू नका; ट्रॅकवरच्या वेगवान वळणातच तो कळतो. तिथे मागची बाजू घसरत असेल तर कोन वाढवा. पुढची चाकं वळायला तयार नसतील तर कोन कमी करा किंवा पुढे स्प्लिटर (बंपरखालून पुढे येणारी आडवी पट्टी) लावा. वीस-एक मिनिटं पळवून आलात की बोल्ट पुन्हा तपासा.