माहिती कियॉस्क: आधी प्रश्न ठरवा, मग बोट लावा

एका मोठ्या रुग्णालयाच्या मदत कक्षात मी बरीच वर्षं काम केलं. माझ्या टेबलाला लागूनच माहितीचा कियॉस्क, म्हणजे पडद्याला बोट लावून माहिती बघायचं यंत्र, होता, त्यामुळे माणसं त्याच्यापुढे नेमकी कुठे अडतात हे रोज दिसायचं. यंत्र अवघड म्हणून अडणारे फार थोडे. पुष्कळांचं आपल्याला काय विचारायचंय तेच ठरलेलं नसायचं. पडद्यावर आठ-दहा चौकोन दिसले की नजर भिरभिरायची, मागच्यांची चुळबुळ कानावर यायची आणि मग हाताशी येईल तो चौकोन दाबला जायचा. स्थानक असो, विमानतळ, ग्रंथालय की संग्रहालय, गत तीच. थोडी तयारी असेल तर हेच यंत्र खूप खेटे वाचवतं.

म्हणून रांगेत उभं असतानाच आपला प्रश्न मनात एका वाक्यात मांडून ठेवा. कुठे, केव्हा, कितवा मजला, किती वाजेपर्यंत, कोणती कागदपत्रं, या प्रश्नांची उत्तरं कियॉस्क चोख देतो. ‘माझ्या बाबतीत हे चालेल का’, ‘वेळ चुकली तर काय करू’ असले प्रश्न मात्र माणसाकडेच न्यायचे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९७७ साली मरे लॅपे या विद्यार्थ्याने प्लेटो या संगणक प्रणालीवर, बोटाने चालणाऱ्या पडद्याचा कियॉस्क तयार केला. लोकांनी स्वतः हाताळायचा पहिला कियॉस्क तोच मानला जातो. त्यावर नकाशे, बसच्या वेळा, चित्रपट, अभ्यासक्रम अशी माहिती मिळायची. यंत्रं कितीतरी बदलली, पण कियॉस्कचं खरं बळ आजही तिथेच आहे: ठरलेल्या जागा, ठरलेल्या वेळा, ठरलेल्या याद्या.

एक गोष्ट इथेच ठासून सांगते. छातीत दुखतंय, श्वास लागलाय, लहान मूल दिसेनासं झालंय, अशा वेळी कियॉस्कपुढे उभं राहूच नका. दिसेल त्या कर्मचाऱ्याला हाक मारा. नोंदणी मागाहून करता येते.

शोधताना कोणता शब्द टाकायचा

शोधाच्या चौकटीत लोक अख्खं वाक्य लिहितात आणि ‘काहीही सापडलं नाही’ असं आलं की निघून जातात. पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि खाली उघडणारी यादी बघा. अख्खा शब्द टाकला की एका वेलांटीच्या फरकानेही शोध फसतो.

तरीही सापडलं नाही, तर त्याच गोष्टीचं दुसरं नाव टाका. आपण ‘एक्स-रे’ म्हणतो, यादीत ‘रेडिओलॉजी’ असतं. आपण ‘रक्त तपासणी’ म्हणतो, तिथे ‘पॅथॉलॉजी’ असतं. विमानतळावर ‘हरवलेलं सामान’ कधी विमान कंपनीच्या नावाखाली सापडतं, तर कधी ‘सामान सेवा’ या नावाखाली. आपल्या हातातल्या चिठ्ठीवर, तिकिटावर किंवा पत्रावर जो शब्द छापलाय तोच आधी टाकून बघावा, कारण बहुतेक वेळा कियॉस्कमध्येही तोच असतो. चिठ्ठी पिशवीच्या तळाशी ठेवून कियॉस्कपुढे आलेली माणसं मी खूप पाहिली. ती हातात घेऊनच पुढे या.

ग्रंथालयातल्या कियॉस्कवर पुस्तक सापडलं की नुसतं नाव नव्हे, वर्गांक, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणारा आकडा, पूर्ण उतरवून घ्या, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसकट. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई पद्धतीत ६१६.१२ म्हणजे हृदयविकार. फळीवर हे पुस्तक ६१६.८ च्या आधी येतं, कारण ते दशांश आकडे आहेत, ‘बारा’ आणि ‘आठ’ नव्हेत. हे माहीत नसल्याने माणसं चुकीच्या टोकाला शोधत राहतात आणि पुस्तक जागेवर नाही म्हणून तक्रार करतात.

पडदा ऐकत नाही तेव्हा

एक आजोबा पडद्यावर तर्जनीच्या नखाने टकटक करत होते. काहीच होईना म्हणून त्यांनी जोर वाढवला. मी त्यांना बोटाचा मऊ भाग सपाट टेकवायला सांगितलं आणि पान लगेच उघडलं. आजकाल बहुतेक पडदे कपॅसिटिव्ह असतात, म्हणजे त्यांना बोटातली विद्युतवाहकता जाणवते. नखाला ती नसते, साध्या हातमोज्यालाही नसते, म्हणून कितीही दाबलं तरी उपयोग होत नाही. ओलं बोट किंवा पडद्यावरचं पाणी मात्र त्यांना गोंधळात टाकतं. आधी बोट पुसा, पडद्यावर थेंब असतील तर तेही पुसा.

जुने काही पडदे दाबावर चालतात. त्यांचा पृष्ठभाग बोटाखाली किंचित दबतो. त्यांना नख चालतं, हातमोजा चालतो, पण हलकासा स्पर्श पुरत नाही. तिसरा प्रकार इन्फ्रारेडचा. पडद्याभोवतीच्या उंच कडेतून न दिसणारे किरण आडवे-उभे जात असतात आणि ते जिथे अडतात तिथे दाबलं गेलं असं यंत्र समजतं. १९७२ च्या प्लेटो पडद्यावर असंच १६ गुणिले १६ किरणांचं जाळं होतं. अशा पडद्यावर शर्टाची बाही किंवा ओढणीचं टोक आलं तरी भलतंच बटण दाबलं जातं. तुम्ही काही न करता पानं उघडत असतील तर आधी आपल्या कपड्यांकडे बघा आणि मग कडेला चिकटलेल्या कचऱ्याकडे.

बाजूने वाकून दाबू नका, समोर उभे राहा. काच जाड असेल तर तिरकं बघताना बटण जिथे दिसतं तिथे ते खरं नसतं आणि शेजारचं दाबलं जातं. दाबल्यावर पान उघडायला वेळ लागला तर थांबा, कारण पुन्हा पुन्हा दाबलेलं पुढच्या पानावर लागू होतं. माझ्या अनुभवात चुकीच्या विभागाचं टोकन हातात पडण्याचं मोठं कारण हेच.

नकाशा

‘तुम्ही इथे आहात’ असा ठिपका दाखवणारा नकाशा हा कियॉस्कचा सगळ्यात उपयोगी भाग, आणि माणसं चुकतातही सगळ्यात जास्त तिथेच. १९८२ साली मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने अशाच नकाशांवर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवली: बघणाऱ्याच्या समोर जे आहे तेच नकाशात वरच्या बाजूला असायला हवं. तसं नसेल तर माणूस डावीकडे जायचं ते उजवीकडे जातो. गंमत म्हणजे उत्तर दिशा वर धरून काढलेला नकाशा अगदी अचूक असूनही असा फसवू शकतो.

म्हणून मार्ग बघण्याआधी हे करा. ठिपका शोधा. मग मान वर करा आणि डोळ्यांना सहज दिसणारी एक पक्की खूण निवडा: लिफ्ट, मुख्य दार, जिना. तीच खूण नकाशात शोधा. ती ठिपक्याच्या वर असेल तर नकाशा तुमच्या दिशेने लावलेला आहे, वाचलात तसं चालत राहा. ती ठिपक्याच्या खाली असेल तर नकाशा तुमच्या उलटा आहे. मग फोनवर त्याचा फोटो घ्या, फोनचं आपोआप फिरणं बंद करा आणि समोरची खूण वर येईपर्यंत फोन हातातच वळवा. फोटो अख्ख्या मजल्याचा घ्या, नुसत्या मार्गाचा नको. वाटेत एखादा दरवाजा बंद निघाला तर पर्यायी वाट त्यातच सापडते.

मजला बदलायचा असेल तर मजल्याच्या आकड्यासोबत लिफ्टचा क्रमांक किंवा इमारतीचं नावही लिहून घ्या. मोठ्या जागांत प्रत्येक लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबेलच असं नाही. दोन इमारती पुलाने जोडलेल्या असतील तर एका बाजूचा पहिला मजला दुसऱ्या बाजूला तळमजला असू शकतो. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, जड बॅग, दुखरा गुडघा, काहीही असेल तरी ‘पायऱ्यांविना मार्ग’ असा पर्याय दिसतो का ते आवर्जून बघा.

बस-रेल्वेच्या कियॉस्कवर वेळ बघताना ती कोणती वेळ आहे ते तपासा. छापील वेळापत्रकातली वेळ वेगळी आणि गाडी खरोखर कुठे आहे त्यावरून काढलेली वेळ वेगळी. वाहतुकीची माहिती देण्यासाठी जगभर वापरली जाणारी जीटीएफएस ही पद्धतसुद्धा या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या ठेवते. ‘इतक्या मिनिटांत’ असा उतरता आकडा दिसला तर ती बहुधा चालू माहिती असते. नुसती घड्याळाची वेळ असेल तर ती वेळापत्रकातली असू शकते. पडद्याच्या कोपऱ्यात माहिती शेवटची कधी ताजी केली ते लिहिलेलं असतं, तिकडे एक नजर टाका. संग्रहालयातल्या कियॉस्कसाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. वस्तूशेजारच्या पाटीवरचा क्रमांक टाकला की तिचं पान उघडतं.

निघण्याआधी

हे मला मनापासून सांगायचंय, कारण मी ते फार वेळा पाहिलं. माणूस आपला मोबाइल क्रमांक टाकतो, तपासणीची तारीख बघतो आणि तसाच निघून जातो. मागून येणाऱ्याला त्याचं नाव, वय, कोणती तपासणी आहे, सगळं दिसतं. थोड्या वेळाने यंत्र आपोआप पहिल्या पानावर जातं, पण रांगेतला पुढचा माणूस त्याच्या आधीच पोचतो. ‘समाप्त’, ‘बाहेर पडा’ किंवा घराचं चिन्ह, जे असेल ते दाबा आणि पहिलं पान आलेलं डोळ्यांनी बघूनच हला. शक्य असेल तिथे पूर्ण नावाऐवजी नोंदणी क्रमांक वापरा. माहिती शोधायला मोबाइल क्रमांक लागत नसेल तर देऊ नका. पुष्कळदा ती चौकट रिकामी सोडता येते. दुसरा माणूस आपली माहिती भरत असेल तर दोन पावलं मागे उभं राहणं हे आपल्याकडूनही झालं पाहिजे.

‘तुम्ही अजून इथे आहात का?’ असं विचारलं गेलं तर घाबरू नका, ‘हो’ दाबा. वेब सुगम्यतेच्या, म्हणजे संकेतस्थळं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या, जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशी सूचना आल्यावर वेळ वाढवून घ्यायला किमान २० सेकंद मिळावीत असं म्हटलंय. सगळीच यंत्रं ते पाळत नाहीत, म्हणून लांबलचक माहिती भरायची असेल तर कागदपत्रं आधी काढून ठेवा.

पावती किंवा टोकन मिळालं की लगेच त्याचा फोटो घ्या. तो बहुधा थर्मल कागद असतो. त्यात शाई नसते, उष्णतेने काळं होणाऱ्या लेपावर अक्षरं उमटतात. ऊन लागलं, गाडीच्या काचेपाशी ठेवला किंवा सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने धरला तर मजकूर पुसट होतो किंवा कागदच काळा पडतो.

कियॉस्कवरचा क्यूआर कोड पडद्याच्या आत दिसत असेल तर त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. बाहेरून चिकटवलेला स्टिकर असेल तर त्याच्या कडेवरून बोट फिरवून बघा, खाली दुसरा कोड झाकलाय का ते कळतं. कोड उघडल्यावर पत्ता नीट वाचा, आणि फक्त माहितीसाठी आलेल्या माणसाकडे पैसे मागितले गेले तर तिथेच थांबा. चार्जिंगची यूएसबी जागा असेल तर आपला अडॅप्टर साध्या सॉकेटमध्ये लावणं केव्हाही बरं.

ज्यांना दिसत नाही, वाकता येत नाही, हात पुरत नाही

कियॉस्कच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असेल तर ते दाबल्यावर बटणं पडद्याच्या खालच्या भागात सरकतात. अक्षरं मोठी करणारं आणि रंगांचा फरक वाढवणारं बटणही जवळपासच असतं. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार हाताने चालवायचे भाग साधारणपणे जमिनीपासून ३८० ते १२२० मिलिमीटर उंचीत असावे लागतात. तुमच्या कामाच्या ठिकाणी कियॉस्क बसवायचा असेल तर हा आकडा हाताशी असू द्या. युरोपीय संघात सुगम्यतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि त्यात माहिती देणारे कियॉस्कही येतात. जुनी यंत्रं जास्तीत जास्त २० वर्षं वापरात ठेवायची मुभा मात्र सदस्य देशांना आहे, त्यामुळे नव्याशेजारी जुनं उभं दिसेल.

दृष्टिहीनांसाठी काही कियॉस्कवर हेडफोनचं भोक आणि त्याच्याजवळ उठावदार बटणं असतात. अशा अनेक यंत्रांत हेडफोन लावला की बोलणं सुरू होतं. त्यासाठी ३.५ मिलिमीटर पिनचा वायरवाला हेडफोन पिशवीत ठेवा. ब्लूटूथवाला इथे सहसा चालत नाही.

तुम्ही कुणाला मदत करत असाल तर बाजूला उभे राहा, कुठे दाबायचं ते सांगा आणि दाबू द्या त्यांनाच. हाताला धरून सगळं आपणच उरकलं तर पुढच्या वेळी ते पुन्हा अडतील, शिवाय त्यांची खाजगी माहिती तुमच्यापुढे उघडी पडेल. वेळ लागतो, लागू द्या. मागची रांग थांबते, थांबू द्या.

यंत्र बंद असेल किंवा माहिती चुकीची असेल तर ती कळवणं फार मोलाचं आहे. कियॉस्कच्या बाजूला किंवा मागे यंत्राचा क्रमांक लिहिलेला असतो. तो, वेळ आणि पडद्यावरचा संदेश, हे सगळं एका फोटोत घ्या आणि मदत कक्षाला दाखवा. ‘मशीन चालत नाही’ एवढंच सांगितलं तर दुरुस्तीवाला येऊन सगळं तपासतो आणि दोष न दिसल्याने परत जातो. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्रात बाह्यरुग्ण विभाग निवडला की पान कोरं राहतं’ असं सांगितलं की ते त्याच दिवशी दुरुस्त होण्याची शक्यता खूप वाढते.