काळ्या जमिनीवरची आर्टिफिशियल लॉन: दुरुस्ती वाफशावरच करा

परभणीत आमच्या घरापुढे साधारण ४०० चौरस फूट आर्टिफिशियल लॉन आहे, आणि टाकली त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात मधला जॉइंट एवढा उघडला की खालची माती दिसायला लागली. ज्याने लावली होती त्याने येऊन ग्लू भरला, पैसे घेतले, आणि पावसाळ्यात जॉइंट परत उघडला. शेवटी मी आणि सासऱ्यांनी एक कोपरा उचलून बघितला तर खाली ही भेग, सासऱ्यांनी खराट्याची काडी आत सोडली तर दीड फूट सरळ खाली गेली. "अगं गवताला काय बोल लावतेस, जमीन हलतीये," म्हणाले.

तेच खरंय. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, दरवर्षी. वरची लॉन तिच्याबरोबर ओढली जाते, मग कुठे फुगवटा, कुठे खड्डा, खिळे वर आलेले. त्यामुळे नुसतं वरून चिकटवून काही टिकत नाही, बेस दुरुस्त करावा लागतो, आणि तो कधी करता यावर सगळं आहे. मे महिन्यात भेगा पूर्ण उघड्या असताना भरल्या तर पावसात माती फुगायला जागाच राहत नाही, मग ती वर उचलते. भर पावसात केलं तर माती फुगलेली असताना लेव्हल काढता, उन्हाळ्यात तीच बसते. दिवाळीच्या आसपास जमीन वाफशावर येते, पायाला चिकटत नाही आणि ढेकूळ हाताने फुटतं, तेव्हाच हात घाला.

खड्डा पडलाय तिथली लॉन कडेचे खिळे काढून गुंडाळून बाजूला घ्या, कापायची घाई करू नका. खालची काळी माती ८-९ इंच काढा, आणि खड्ड्याच्या बाहेर फूटभर जास्तच काढा. आता इथे बहुतेक जण वाळू किंवा नुसती खडी ओततात, ते अजिबात करू नका. काळ्या मातीत पाणी लवकर खाली मुरत नाही, म्हणजे तुम्ही चक्क एक हौद बनवता, त्यात पाणी साठतं आणि आजूबाजूची माती अजून फुगते. भरायचा तो कठीण मुरूम, ३-३ इंचाच्या थरात, पाणी शिंपडून धुम्मसने ठोकून. मुरूम चांगला आहे का बघायला एक गोळा ओला करून वाळवा, हाताने सहज चुरला तर ठीक, दगडासारखा कडक झाला तर त्यात माती आहे, परत पाठवा. न फुगणाऱ्या मातीचा थर काळीवर दाबून टाकला की फुगवटा आवरतो, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी कालव्यांच्या कामासाठी दाखवलेलं आहे, तिथे थर मीटरभर असतो. लॉनला तेवढं कोणी करत नाही, पण ८-९ इंचाने हालचाल एका जागी न होता पसरते, तेवढं पुरतं.

मुरमावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरा म्हणजे चिखल वर येणार नाही, त्यावर दोनेक इंच खडी आणि वरून इंचभर क्रशरची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. उतार गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघा, ८ फुटाला १ इंच, घरापासून लांब, आणि पाणी शेवटी गटारात निघालं पाहिजे.

जॉइंट करताना दोन्ही तुकड्यांच्या पात्यांची दिशा एकच ठेवा, नाहीतर लांबूनही पट्टा दिसतो. जॉइंटखाली चिकटवलेला जुना टेप खरवडून काढा, नवीन फूटभर रुंद टेप मध्यावर ठेवून ग्लू लावा, कडा जवळ आणताना पाती टेपवर दबली तर एकेक बोटाने बाहेर काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण जॉइंट दिसणार की नाही ते इथेच ठरतं. मग वाळूची पोती ठेवून एक दिवस पाय ठेवू नका. कंपाउंड भिंतीला लॉन घट्ट चिकटवू नका, बोटभर फट ठेवा. ६ इंची गॅल्वनाइज्ड खिळे फूटफूट अंतरावर, आणि ते मुरमात गेले पाहिजेत, काळ्या मातीतले वर येतातच.

सगळ्यात जास्त हलते ती कड, कारण ती आधी भिजते आणि आधी वाळते. आम्ही कडेने पेव्हरचा दोन फूट रुंद पट्टा केला आणि छताच्या पाण्याचा पाइप लांब वळवला, त्यानंतर फरक पडला.

उतारावर असेल तर जॉइंट उताराच्या दिशेने घ्या, आडवे नकोत, आणि पावसाळ्यानंतर पात्यांमधून खाली वाहत आलेली सिलिका वाळू (पाती उभी राहावीत म्हणून भरलेली) कडक ब्रशने वर ढकला. चौरस फुटाला साधारण अर्धा किलो वाळू राहिली पाहिजे. कोकणात जांभ्यावर माती फुगत नाही, पण पाणी खालून कच वाहून नेतं, तिथे लक्ष चर आणि बांधावर ठेवा.

लव्हाळा जिओटेक्स्टाइल फोडून वर येतो, ओढला तर गाठ खाली राहते, म्हणून कड उचलून गाठीसकट काढा. घुशीचं बीळ दिसलं तर आधी ती गेलीय याची खात्री करा, मग मुरूम ठोका. आणि खिडकीच्या काचेवरून उलटून येणारं ऊन एकाच जागी पडत असेल तर पाती वितळू शकतात, त्या काचेला बाहेरून पडदा किंवा जाळी लावा.

पॅच लावायचा असेल तर घरात ठेवलेला उरलेला तुकडा थेट मध्ये टाकू नका, त्याचा रंग उन्हात उडालेला नसतो, म्हणून तो वेगळाच हिरवागार दिसतो. कुंड्यांमागच्या कोपऱ्यातला जुना तुकडा कापून मध्ये लावा आणि नवीन तिकडे कुंड्यांमागे.